फोटोच्या कोपऱ्यातली ती छोटी पांढरी रेघ: इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप विषाणूची लांबी मोजतो तरी कसा?

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक काका आहेत. कांजूरमार्गला आमच्याच मजल्यावर राहतात आणि रोज सकाळी सहाच्या आत पहिला फॉरवर्ड टाकतात. गेल्या आठवड्यात त्यांनी कोरोनाचा फोटो टाकला. राखाडी गोळा, त्यावर लाल तुरे. खाली लिहिलं होतं, 'विषाणूचा खरा फोटो, १० लाख पट मोठा करून'.

मी दोन बोटांनी झूम केलं. आता तो २० लाख पट झाला का?

लिफ्टमध्ये काका भेटले तेव्हा मी त्यांना हेच विचारलं. ते म्हणाले, "अगं, तू पत्रकार ना? मग तूच सांग, हा नक्की असतो तरी केवढा? आणि एवढीशी गोष्ट मोजतात कशाने?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. दुसऱ्याचं उत्तर शोधता शोधता मी बरीच लांब गेले, त्यातून हा लेख झाला.

आधी एक खुलासा. राखाडी गोळ्यावर लाल तुऱ्यांचं ते प्रसिद्ध चित्र हा फोटो नाहीच. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेतल्या अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स या दोन चित्रकारांनी २०२० च्या सुरुवातीला ते कॉम्प्युटरवर बनवलं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा खरा फोटो काळा-पांढरा असतो. त्यात रंग दिसले तर ते नंतर कुणीतरी भरलेले असतात. आणि खऱ्या फोटोच्या एका कोपऱ्यात बहुतेक वेळा एक छोटी रेघ असते, तिच्या शेजारी एक आकडा असतो. काकांच्या चित्रात ती नव्हती.

सगळा विषय त्या रेघेचा आहे.

नॅनोमीटर म्हणजे केवढं?

एका मिलिमीटरचे १० लाख तुकडे केले तर त्यातला एक तुकडा म्हणजे एक नॅनोमीटर. हे वाक्य आपण शाळेत पाठ केलेलं असतं आणि त्यातून काहीही कळत नाही.

म्हणून असं करू. समजा जादूने सगळं जग एक कोटी पट मोठं केलं, म्हणजे १ नॅनोमीटरचा १ सेंटिमीटर झाला. आता कोरोनाचा एक कण साधारण पाऊण मीटरचा, म्हणजे मोठ्या टबाएवढा होईल. त्यावरचा एक तुरा हातातल्या फुटपट्टीच्या अर्ध्याएवढा. तुमच्या डोक्यावरचा एक केस मात्र जवळपास ८०० मीटर जाड होईल. बारा डब्यांच्या तीन लोकल एकामागे एक लावल्या तर साधारण तेवढी लांबी भरते. आणि सव्वापाच फुटांचा माणूस? तो पृथ्वीच्या व्यासाहूनही उंच होईल.

हा तुरा मोजायचाय.

साधा मायक्रोस्कोप का चालत नाही?

आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे याने १८७३ मध्येच दाखवून दिलं होतं की, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेल्या दोन गोष्टी साध्या मायक्रोस्कोपला वेगळ्या दाखवता येत नाहीत. म्हणजे २०० नॅनोमीटरच्या आसपास सगळं धूसर होतं. काच कितीही उत्तम असो, धूसर चित्र मोठं केलं की मोठं धूसर चित्र मिळतं. जाड हातमोजे घालून नाण्यावरची अक्षरं वाचायला बसल्यासारखं आहे ते.

मग बारीक बोट हवं. १९२४ मध्ये लुई द ब्रॉयने मांडलं की इलेक्ट्रॉनसारखे कणही लाटेसारखे वागतात. १ लाख व्होल्टच्या दाबाने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी भरते ०.००३७ नॅनोमीटर. हिरव्या प्रकाशापेक्षा सुमारे दीड लाख पट कमी! १९३१ मध्ये बर्लिनला माक्स क्नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी काचेऐवजी चुंबकीय भिंगं वापरून पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप उभा केला. रुस्का तेव्हा २४ वर्षांचा होता. त्याला नोबेल मिळालं १९८६ मध्ये, म्हणजे ५५ वर्षांनी. (माझ्या वयाच्या सगळ्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवावा.) आपल्याकडे कोलकात्यात निरजनाथ दासगुप्ता यांनी १९४० च्या दशकात देशी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बांधला होता.

चुंबकीय भिंगं सदोष असतात, त्यामुळे ०.००३७ पर्यंत प्रत्यक्षात कुणी पोचत नाही. चांगलं यंत्र ०.२ नॅनोमीटरपर्यंत आरामात जातं. विषाणूसाठी ते भरपूर झालं.

आमच्या स्टेशनवरून रिक्षाने

कांजूरमार्ग पश्चिमेला उतरून रिक्षा केली, गांधीनगरचा सिग्नल एकदाचा सुटला, की थोड्याच वेळात आयआयटी मुंबईचं मेन गेट येतं. पवईच्या या कॅम्पसमध्ये १९७६ पासून एक केंद्र आहे. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने ते सुरू झालं. आज त्याला 'सैफ' म्हणतात, म्हणजे सोफिस्टिकेटेड अ‍ॅनालिटिकल इन्स्ट्रुमेंट फॅसिलिटी. कल्पना साधी आहे. इतकी महागडी यंत्रं प्रत्येक कॉलेजला, प्रत्येक कंपनीला परवडणार नाहीत. म्हणून एका जागी ठेवायची, बाहेरच्यांनी फी भरून आपलं सॅम्पल तपासून घ्यायचं. आपल्या ट्रेनमध्ये शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या पीएचडीवालीच्या बॅगेत छोट्या डबीत असं सॅम्पल असू शकतं.

तिथे असतात त्या मायक्रोस्कोपच्या मुख्य जाती दोन, आणि त्या लांबी वेगवेगळ्या तऱ्हेने मोजतात.

पहिली सेम, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. लाइट गेल्यावर अंधाऱ्या खोलीत तुम्ही टॉर्चचा बारीक झोत भिंतीवर डावीकडून उजवीकडे, मग थोडं खाली, पुन्हा डावीकडून उजवीकडे असा फिरवता, तसा हा इलेक्ट्रॉनचा झोत सॅम्पलवर ओळीओळीने फिरवतो. प्रत्येक ठिकाणाहून किती इलेक्ट्रॉन उसळून बाहेर आले ते मोजतो आणि तेवढा उजळ ठिपका स्क्रीनवर काढतो. फोटोत एखादी गोष्ट किती मोठी दिसेल हे इथे भिंगावर ठरत नाही. झोत किती रुंद पट्ट्यात फिरवला यावर ठरतं. पट्टा लहान, चित्र मोठं.

दुसरी टेम, म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. यात झोत सॅम्पलच्या आरपार जातो, म्हणून सॅम्पल अतिशय पातळ लागतं. शंभरेक नॅनोमीटर किंवा त्याहून कमी. मिळतं ते चित्र म्हणजे खरं तर सावली. हे लक्षात ठेवा, पुढे पुण्याच्या गोष्टीत लागेल.

'१० लाख पट' याला काही अर्थ नाही

आता रेघेकडे येऊ. तिला स्केल बार म्हणतात. नकाशाच्या तळाशी 'एवढी पट्टी म्हणजे ५ किलोमीटर' असं असतं, तेच. रेघेवर '१०० नॅनोमीटर' लिहिलं असेल तर फोटोतली तेवढी लांबी म्हणजे प्रत्यक्षातले १०० नॅनोमीटर.

समजा तुमच्या मोबाइलवर विषाणूचा खरा फोटो उघडलाय. कंपासमधली पट्टी काढा आणि स्क्रीनला लावा. रेघ भरली २ सेंटिमीटर, विषाणू भरला दीड सेंटिमीटर. त्रैराशिक मांडा: २ ला १००, तर दीडला ७५. विषाणू ७५ नॅनोमीटरचा. आता झूम करा. रेघ ४ सेंटिमीटर होईल, विषाणू ३ सेंटिमीटर. उत्तर? पुन्हा ७५.

फोटो मोबाइलवर बघा, पोस्टरवर छापा, रेघ चित्राबरोबर वाढते आणि बरोबरच कमी होते. 'इतक्या पट' हा आकडा मात्र फोटोचा आकार बदलला की तिथल्या तिथे खोटा होतो. गंमत म्हणजे सेमच्या फोटोखाली '५०,००० पट' असं छापून येतं, ते नेमकं कशाच्या तुलनेत? अनेक यंत्रांत ते जुन्या पोलरॉइड फिल्मच्या, साधारण पाच इंच रुंद प्रिंटच्या तुलनेत असतं. ती फिल्म आता कुणी वापरत नाही, हिशोब मात्र तोच चालू आहे. तोच फोटो मोबाइलवर अडीच इंचांत बघितला तर तो २५,००० पट. सेमिनार हॉलच्या १०० इंची पडद्यावर लावला तर थेट १० लाख पट. फोटोत नवीन काहीच आलेलं नाही.

म्हणून मला 'पट' लिहिलेल्या फॉरवर्डपेक्षा कोपऱ्यातली रेघ कापलेल्या फॉरवर्डचा जास्त राग येतो. स्टोरीत नीट बसावा म्हणून आपण फोटो चौकोनी कापतो, आणि तळाची पट्टी सगळ्यात आधी जाते. माझी एक मैत्रीण एमएससी करत असताना तिने हेच केलं. प्रेझेंटेशन छान दिसावं म्हणून सगळ्या फोटोंच्या खालच्या पट्ट्या कापल्या. सरांनी पहिल्याच स्लाइडला विचारलं, "हे काय आहे? नॅनोवायर की कुर्ल्याच्या नाल्यातला पाइप?" तिला उत्तर देता आलं नाही. सांगता येण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

पण रेघ कुणी काढली?

इथे मला वाटलं होतं की विषय संपला. मैत्रिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "रेघ मशीनच काढतं गं. मशीन चुकलं तर रेघ पण चुकणार, आणि फोटो तितकाच सुंदर येणार."

भाजीवाल्याच्या तराजूचा विचार करा. काटा स्थिर आहे, आकडा स्पष्ट दिसतोय. पण वजन खरं आहे का, हे कशावरून? त्यासाठी वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. कुणीतरी प्रमाणित वजन ठेवून तो तराजू तपासलेला असला पाहिजे. मायक्रोस्कोपचंही तसंच. चुंबकीय भिंगातला प्रवाह, सॅम्पल किती उंचीवर बसलंय, व्होल्टेज किती आहे, यातलं काहीही थोडं हललं की मोजमाप काही टक्क्यांनी सरकतं. चुंबकाला तर आधीच्या सेटिंगची 'आठवण' राहते. मोठेपणा वाढवत वाढवत एका आकड्यावर आलात आणि कमी करत करत त्याच आकड्यावर आलात, तर दोन्ही वेळचं चित्र अगदी तंतोतंत सारखं येईलच असं नाही.

म्हणून आधी लांबी पक्की माहीत असलेली वस्तू बघायची आणि मशीन काय सांगतं ते पडताळायचं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. कमी मोठेपणासाठी एक जाळी मिळते, तिच्यावर एका मिलिमीटरमध्ये २,१६० रेघा कोरलेल्या असतात, म्हणजे दोन रेघांमधलं अंतर ४६३ नॅनोमीटर. त्याहून बारीक कामाला निसर्गानेच पट्ट्या करून ठेवल्यात. कॅटलेज नावाच्या प्रथिनाच्या स्फटिकात रेणूंच्या रांगा ८.७५ आणि ६.८५ नॅनोमीटरवर असतात. सोन्यात अणूंचे थर ०.२३५ नॅनोमीटरवर. सिलिकॉनचा अणूंचा थर तर इतका भरवशाचा आहे की त्यातलं ०.१९२ नॅनोमीटरचं एक अंतर २०१९ पासून नॅनो पातळीवर 'मीटर' प्रत्यक्षात उतरवण्याचा एक अधिकृत मार्ग मानलं जातं.

आणि मीटर म्हणजे काय? १९८३ पासून त्याची व्याख्या अशी आहे: प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितकं अंतर कापतो ते. म्हणजे फोटोच्या कोपऱ्यातल्या त्या रेघेचा माग काढत गेलं, तर जाळी, मग स्फटिक, मग सिलिकॉन, असं करत शेवटी आपण प्रकाशाच्या वेगापाशी पोचतो. साखळीतली एक कडी तुटली की रेघ नुसतीच शोभेची.

जाता जाता सांगते, कारण ही गोष्ट मला फार आवडली. मोजमाप पडताळायला प्लास्टिकचे अगदी एकसारखे गोल मणीही वापरतात. पृथ्वीवर बनवताना ते गुरुत्वामुळे तळाशी बसायचे, वेडेवाकडे व्हायचे. म्हणून १९८० च्या दशकात चॅलेंजर अवकाशयानात १० मायक्रॉनचे मणी बनवले गेले आणि अमेरिकेच्या मानक संस्थेने १९८५ मध्ये ते विकायला काढले. अंतराळात बनून विकली गेलेली ती पहिली वस्तू मानतात. पट्टी बनवायला माणूस अंतराळात गेला!

पुण्याचे १५, चीनचे ९ ते १२

आता खरी गोष्ट.

३० जानेवारी २०२० ला केरळमध्ये भारतातला पहिला कोरोना रुग्ण सापडला. त्या रुग्णाच्या घशाचा स्वॅब पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत पोचला होता. तिथल्या शास्त्रज्ञांनी त्या स्वॅबमधला विषाणू थेट टेमखाली शोधला. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये त्याच वर्षी त्यांचा छोटासा लेख आला. भारतात टिपलेला या विषाणूचा तो पहिला फोटो.

त्या लेखातले आकडे बघा. स्वॅबमध्ये एकूण सात कण सापडले. गोल, सरासरी ७० ते ८० नॅनोमीटरचे. त्यातला एक फार चांगला टिकलेला होता, ७५ नॅनोमीटर. आणि पृष्ठभागावरच्या तुऱ्यांची लांबी सरासरी १५ नॅनोमीटर, २ कमी-जास्त.

त्याच सुमारास चिनी शास्त्रज्ञांचा लेख न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. त्यांनी हाच विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर वाढवून बघितला होता. त्यांचे आकडे: कण ६० ते १४० नॅनोमीटर, तुरे ९ ते १२ नॅनोमीटर.

विषाणू एकच. तुरे तेच. एकीकडे १५, दुसरीकडे ९ ते १२. सोशल मीडियाच्या हिशोबाने कुणीतरी खोटं बोलतंय. प्रत्यक्षात यात खोटं कुणीच बोललेलं नाही, आणि असा फरक कसा पडू शकतो हे कळलं की मायक्रोस्कोपची अर्धी विद्या कळली.

पहिलं कारण सावलीचं. टेमचा फोटो सावली आहे, हे मघाशी म्हटलं. भर दुपारी डोक्यावर सूर्य असताना कलती काठी धरा. जमिनीवर तिची सावली काठीहून आखूड पडते. जितकी काठी उभी, तितकी सावली आखूड. कागदाच्या पातळीपासून ६० अंश वर उचललेल्या काठीची सावली बरोबर निम्मी. विषाणूचे तुरे सगळ्या दिशांना उभे असतात, त्यातले काही आपल्याकडे तोंड करून, काही पाठ फिरवून. १५ नॅनोमीटरचा तुरा ४० अंश कलला तर फोटोत तो ११.५ नॅनोमीटर दिसेल. (चिनी फोटोत हेच झालं असं मी म्हणत नाहीये. गणित कसं पालटतं एवढंच दाखवतेय.)

आणि हे तुरे खिळ्यासारखे ताठ नसतातच. २०२० मध्येच जर्मनीतल्या संशोधकांनी विषाणू गोठवून, वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेऊन ते एकत्र जोडले. सायन्स या नियतकालिकात छापून आलेल्या त्या कामात दिसलं की तुऱ्याच्या देठाला तीन सांधे आहेत. त्यांनी त्यांना नावं दिली कंबर, गुडघा आणि घोटा. म्हणजे आपण मोजतोय ती चीज फुटपट्टीसमोर उभी राहून डुलतेय. गर्दीच्या लोकलमध्ये लोंबकळणाऱ्या माणसाची उंची मोजण्यासारखा प्रकार आहे.

दुसरं कारण शाईचं. विषाणूतून इलेक्ट्रॉन सहज आरपार जातात, त्यामुळे तो नीट दिसतच नाही. म्हणून जड धातूचा क्षार त्याच्याभोवती ओततात. पुण्यात फॉस्फोटंगस्टिक आम्लाचा क्षार वापरला होता. तो क्षार खाचाखोचांत साचतो, तिथे काळं दिसतं आणि मधला विषाणू पांढरा उमटतो. दारात रांगोळीचा छाप ठेवून भोवती रंग टाकल्यावर मध्ये मोकळा आकार उरतो ना, तसं. आता क्षार तुऱ्याच्या बुडाशी किती खोल शिरला, टोकाशी किती साचला, त्यावर तुरा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते ठरतं. शिवाय हे सगळं वाळवावं लागतं, कारण यंत्राच्या आत निर्वात पोकळी असते. वाळताना विषाणू चपटा होऊ शकतो, आकसू शकतो.

तिसरं कारण अगदी साधं: टोक कुठे धरायचं? संशोधक फोटोवर माउसने रेघ ओढून मोजतात. इमेजजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर यासाठी जगभर वापरलं जातं, अमेरिकेच्या एनआयएचमध्ये ते तयार झालं. आधी स्केल बारवर रेघ ओढून सांगायचं की हे १०० नॅनोमीटर, मग हवं ते मोजायचं. तुम्हीही घरी लॅपटॉपवर करू शकता. करून बघितलंत तर लगेच कळेल की झूम केल्यावर विषाणूची कडा रेघ राहत नाही, करड्या ठिपक्यांचा उतार होते. माझ्या मते कडा इथे, तुमच्या मते दोन ठिपके पलीकडे. एक ठिपका अर्ध्या नॅनोमीटरचा असेल आणि दोन्ही टोकांना मिळून चार ठिपक्यांचा फरक पडला, तर झाले २ नॅनोमीटर. ७५ च्या कणात ते तीन टक्क्यांच्या आत. १५ च्या तुऱ्यात मात्र तेरा टक्के! चूक तेवढीच, पण छोट्याला जास्त लागते.

यावर उपाय एकच, पुष्कळ मोजायचं. एक तुरा मोजून काही कळत नाही. अनेक मोजायचे, सरासरी काढायची आणि आकडे किती पसरलेत ते सांगायचं. पुण्याच्या लेखातलं '२ कमी-जास्त' हे तेच. सगळ्यात प्रामाणिक गोष्ट त्यात आहे, आणि बातमी करताना आम्ही पत्रकार नेमकी तीच खोडतो. 'तुऱ्याची लांबी १५ नॅनोमीटर' असं शीर्षक होतं. १३ ते १७ च्या दरम्यान, वाळवलेल्या, क्षारात बुडवलेल्या, सात कणांवर, असं शीर्षक कोण देणार?

त्या सात कणांबद्दल थोडं. सात ऐकून कमी वाटतं, मलाही वाटलं. पण स्वॅबमधून थेट, प्रयोगशाळेत वाढवल्याशिवाय, एवढे कण सापडणं हेच कठीण काम आहे. संख्या कमी आहे हे त्यांनी लपवलेलं नाही, लिहून ठेवलंय. वाचणाऱ्याने त्या आकड्यावर किती भार टाकायचा ते त्यावरून ठरवावं.

मोजता मोजताच बदलतं ते

सेमची आणखी एक भानगड आहे. वीज वाहून न नेणाऱ्या सॅम्पलवर इलेक्ट्रॉन साचत राहतात आणि चित्र जळाल्यासारखं पांढरं फटक होतं. म्हणून त्यावर आधी सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा पातळ मुलामा देतात. आता समजा तुमचा धागा ४० नॅनोमीटर जाड आहे आणि मुलामा सगळीकडून १० नॅनोमीटर बसला. फोटोत धागा ६० चा दिसणार. दीडपट! माणसाच्या केसाला हा मुलामा दिला तर काही फरक पडत नाही. नॅनोमीटरच्या दुनियेत तो म्हणजे बारीक माणसाने स्वेटरवर स्वेटर घालून वजन करण्यासारखं.

आणि काही वेळा झोतच सॅम्पल बदलतो. चिप बनवताना वापरायचा प्रकाशसंवेदी थर इलेक्ट्रॉनचा मारा झाला की आकसतो. तुम्ही रुंदी मोजेपर्यंत ती कमी झालेली असते, पुन्हा मोजली तर आणखी कमी.

चिपवरून आठवलं. '३ नॅनोमीटरची चिप' अशी जाहिरात तुम्ही बघितली असेल. त्या चिपमध्ये ३ नॅनोमीटर लांबीचं काय असतं? मोजून दाखवावं असं ठरलेलं काहीच नाही. ते पिढीचं नाव आहे, आयफोनच्या नंबरसारखं. या क्षेत्राचा जो आंतरराष्ट्रीय आराखडा आहे त्यात '३ नॅनोमीटर' पिढीसाठी एका ट्रान्झिस्टरच्या गेटपासून शेजारच्या गेटपर्यंतचं अंतर ४८ नॅनोमीटर आणि सगळ्यात दाट तारांमधलं २४ नॅनोमीटर धरलंय. चिप कापून टेमखाली ठेवली की हे बाहेर येतं. जाहिरातीतल्या नॅनोमीटरला स्केल बार नसतो.

लांबी कळली, म्हणजे सगळं कळलं?

पुन्हा पवईला येऊ, कारण आमच्या ग्रुपवर अधूनमधून फिरणारा दुसरा एक फॉरवर्ड थेट तिथलाच आहे: 'आयआयटी मुंबईने होमिओपॅथी सिद्ध केली'. त्यामागे खरा शोधनिबंध आहे. २०१० मध्ये आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी सोनं, चांदी, तांबं, कथील, जस्त आणि प्लॅटिनम या सहा धातूंपासून बनवलेली होमिओपॅथिक औषधं टेमखाली बघितली. गणिताप्रमाणे २०० पोटन्सीच्या औषधात मूळ धातूचा एकही अणू उरायला नको. त्यांना नॅनोकण दिसले. 'होमिओपॅथी' नावाच्याच नियतकालिकात ते छापून आलं. त्यावर टीका झाली. हे कण बाहेरून तर मिसळले नाहीत, हा त्यातला एक प्रश्न.

तो वाद मी इथे सोडवणार नाहीये. पण शोधनिबंध कण दिसल्याचं सांगतो, आणि फॉरवर्ड सांगतो आजार बरा होतो. मायक्रोस्कोपला कणाची लांबी विचारता येते. तो कण कुठून आला हे त्याला फोटोवरून कळत नाही, आणि पोटात गेल्यावर तो काय करतो हे तर अजिबात नाही. त्यासाठी रुग्णांवरच्या चाचण्या लागतात.

काकांना मी हे सगळं लिफ्टमध्ये सांगू शकले नाही, आमची बिल्डिंग सातच मजल्यांची आहे. रात्री मेसेज केला: ७० ते ८० नॅनोमीटर, पुण्यात मोजलेला. त्यांनी अंगठा दाखवला. मग विचारलं, "आणि तुरे?" मी दोन्ही आकडे पाठवले, पुण्याचेही आणि चीनचेही. काका म्हणाले, "असं कसं? एक काहीतरी सांग ना." मग मी त्यांना कलत्या काठीची गोष्ट व्हॉइस नोटमध्ये सांगितली, चार मिनिटांची. ती त्यांनी ऐकली की नाही माहीत नाही.

काल पहाटे पाच पन्नासला त्यांचा नवा फॉरवर्ड आला. मुंगीचा डोळा, काळा-पांढरा, मधमाशांच्या पोळ्यासारखा, म्हणजे बहुतेक खराखुरा सेमचा फोटो. खाली '५ लाख पट'. उजव्या कोपऱ्यात रेघेचा अर्धा तुकडा दिसत होता; आकडा कापला गेला होता. मी मूळ फोटो मागितलाय. काका म्हणाले, साडूंकडून आलाय, त्यांना विचारतो.